जपानी जेवणाची ओळख: सुरुवात पाण्यापासून

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरअखेर आपण आणि आपल्या पत्नी बारा दिवसांसाठी टोकियो, क्योटो आणि ओसाका येथे जाणार आहात. आपण मासे खाता. त्या शाकाहारी आहेत, अंडे आणि दूध त्यांना चालते. तिथले जेवण नुसते चाखायचे नसून समजून घ्यायचे आहे. जाऊन आलेले स्नेही मात्र सांगतात की तिकडे सगळे सपक लागते आणि शाकाहारी माणसाने ठेपले बांधून न्यावेत. म्हणून कोणते पदार्थ खावेत आणि कुठे खावेत, याची यादी आपल्याला हवी आहे.

मी नऊ वर्षे ओसाकाला राहिले. त्यांपैकी चार वर्षे एका लहान खानावळीच्या स्वयंपाकघरात काम केले आणि गेली चौदा वर्षे पुण्याहून आठ-दहा जणांचे गट घेऊन जपानला जाते. या अनुभवावरून मला असे वाटते की आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि यादीने त्यांपैकी एकही सुटणार नाही. पहिला प्रश्न म्हणजे, मसाल्यात आणि फोडणीत चव शोधायची सवय झालेल्या जिभेला जपानी जेवणातली चव नेमकी कुठे सापडते. दुसरा म्हणजे, ती चव जिथे असते तिथेच आपल्या पत्नींची अडचणही असते, तिचे काय करायचे. दोन्ही प्रश्नांचे मूळ ‘दाशी’ या एका गोष्टीत आहे.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचे मूळ पाणी. कोम्बू ही होक्काइडो या जपानच्या उत्तरेकडील बेटाच्या थंड समुद्रात वाढणारी जाड, वाळवलेली समुद्रवनस्पती पाण्यात भिजवायची, पाणी हळूहळू तापवायचे आणि उकळी फुटण्याआधी ती बाहेर काढायची. मग त्यात कात्सुओबुशीचे, म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवून काढलेल्या तुकड्यांचे, कागदासारखे पातळ काप टाकायचे आणि मिनिटभरात गाळून घ्यायचे. हे फिकट सोनेरी पाणी मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सुपात असते, नूडल्सच्या रश्शात असते, भाज्या त्यातच शिजतात आणि अंड्याच्या गोडसर गुंडाळीतही ते घातलेले असते. आपल्याकडे पुरणाची डाळ शिजवून उरलेला कट कोणी फेकून देत नाही, कारण डाळीचा सारा उतारा त्यात असतो आणि कटाच्या आमटीला खरी चव त्याचीच असते. जपानी स्वयंपाकी जवळजवळ प्रत्येक पदार्थाची सुरुवात अशा उताऱ्यापासून करतो.

या चवीमागचे शास्त्रही जपानमध्येच उलगडले. टोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोम्बूतील ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतील इनोसिनिक आम्ल ओळखले. ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, तर कितीतरी पटीने वाढते. म्हणूनच नुसता कोम्बू किंवा नुसते माशाचे काप वापरण्यापेक्षा दोन्ही मिळून केलेले दाशी भरीव लागते. वाळलेल्या शिइताके अळंब्यांतील ग्वानिलिक आम्लही कोम्बूबरोबर असेच काम करते. ही शेवटची गोष्ट आपल्या पत्नींच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

मी काम करत असे त्या खानावळीचे वयस्कर मालक पहिले सहा महिने रोज सकाळी मला तीन लहान वाट्या देत. एकीत नुसते कोम्बूचे पाणी असे, दुसरीत काप टाकून गाळलेले दाशी असे आणि तिसरीत त्याच दाशीत मिठाचे चार कण असत. पहिल्या आठवड्यात मला तिन्ही वाट्यांत गरम पाण्याखेरीज काही जाणवले नाही. तिसऱ्या आठवड्यात तिसरी वाटी कळली, कारण ही चव मिठाच्या आधाराशिवाय पुढे येत नाही. पहिली वाटी कळायला दोन महिने गेले. आपल्याकडे बाराच दिवस आहेत, तेव्हा ही सवय घरीच सुरू करावी, असे मी सुचवते. कोम्बू आणि वाळलेल्या शिइताके आता पुण्या-मुंबईत आणि ऑनलाइन मिळतात. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू आणि दोन-तीन अळंब्या रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवाव्यात. सकाळी मंद आचेवर पाणी तापवावे, कडेने बारीक बुडबुडे दिसू लागताच कोम्बू काढून घ्यावा, मग एक उकळी आणून अळंब्याही काढाव्यात. चिमूटभर मीठ घालून हे पाणी इंद्रायणीच्या साध्या भाताबरोबर घोट घोट प्यावे. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो, त्यामुळे बासमतीपेक्षा मावळातला इंद्रायणीच त्याला अधिक जवळचा आहे. चार-पाच वेळा असे केल्यानंतर विमानात बसलात, तर ‘सपक’ हा शब्द आपल्या तोंडी येण्याची शक्यता बरीच कमी होईल.

सपक लागण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते पदार्थात नसून खाण्याच्या पद्धतीत आहे. आपण वरण-भात, आमटी-भात ताटात कालवतो. हाताची बोटे चव जुळवतात आणि तयार घास तोंडात जातो. जपानमध्ये भात पांढराच राहतो. त्यावर सोया सॉस ओतणे तिथल्या माणसाला विचित्र वाटते. खारट लोणच्याचा एक तुकडा, लगेच भाताचा घास, मग सुपाचा घोट, मग माशाचा किंवा भाजीचा तुकडा आणि पुन्हा भात, असे फिरत खायचे असते आणि कालवणे तोंडात व्हायचे असते. यासाठी जपानीत ‘कोचू चोमी’ असा शब्दच आहे. कोचू म्हणजे तोंडात आणि चोमी म्हणजे चव जुळवणे. माझ्या गटांतील बहुतेक जण पहिल्या दिवशी आधी सूप संपवतात, मग भाजी आणि शेवटी कोरा भात समोर घेऊन बसतात. अशा क्रमाने खाल्ले तर लोणचे फार खारट, भाजी फार गोडसर आणि भात बेचव लागणारच. त्यांना मी फक्त फिरत खायला सांगते. तेच ताट दुसऱ्या दिवशी वेगळे लागल्याचे त्यांनीच येऊन सांगितले आहे. भाताची आणि सुपाची वाटी हातात उचलून घेणे तिथे शिष्टाचाराचे आहे; ताटावर वाकून खाऊ नये.

म्हणून पहिल्या दोन दिवसांत मी आपल्याला सुशीच्या प्रसिद्ध दुकानात पाठवणार नाही, तर दुपारी ‘तेइशोकु’ देणाऱ्या साध्या खानावळीत पाठवीन. तेइशोकु म्हणजे भात, सूप, एक मुख्य पदार्थ, एक-दोन लहान वाट्या आणि लोणचे असे एकत्र मिळणारे ताट. जपानी घरातील जेवणाची मांडणी यातून जितकी कळते तितकी दुसऱ्या कशातून कळत नाही. कचेरीतील माणसे जिथे दुपारी बारा वाजता रांग लावतात, अशी जागा शोधावी. अनेक ठिकाणी दाराशी तिकिटाचे यंत्र असते; पैसे भरून पदार्थाचे बटण दाबायचे आणि चिठ्ठी आत द्यायची. टोकियोत निहोम्बाशी भागात 1699 पासून कात्सुओबुशी विकणाऱ्या निनबेन या पेढीचा ‘दाशी बार’ आहे. तिथे पेल्यातून नुसते दाशी प्यायला मिळते. सहलीच्या पहिल्याच दिवशी आपण तिथे जावे. जिभेला पुढच्या बारा दिवसांचा सूर तिथे लागतो.

दुसरा प्रयोग मी प्रत्येक गटाकडून करून घेते. टोकियोत एक वाटी गरम नूडल्स खावी आणि ओसाकाला पोहोचल्यावर त्याच प्रकारची दुसरी वाटी खावी. टोकियोतला रस्सा गडद असतो, त्यात कात्सुओबुशी आणि गडद सोया सॉस यांचा जोर असतो आणि तिथे सोबा, म्हणजे बकव्हीटच्या नूडल्स, अधिक प्रिय आहेत. ओसाकात रस्सा इतका फिकट असतो की वाटीचा तळ दिसतो. तिथे गव्हाच्या जाड उदोन नूडल्स आणि कोम्बूचा प्रभाव अधिक असतो. होक्काइडोचा कोम्बू कितामाएबुने नावाच्या व्यापारी जहाजांतून जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ओसाकाला येत असे. तो साठवण्याचा आणि विकण्याचा मोठा व्यवसाय ओसाकात उभा राहिला आणि तिथल्या स्वयंपाकाला वळण त्यातून मिळाले. या फिकट रंगाने फसू नये. पश्चिमेकडील ‘उसुकुची’ सोया सॉसमध्ये गडद सॉसपेक्षा मीठ साधारण दोन टक्क्यांनी अधिक असते. रक्तदाबाची तक्रार असेल तर रस्सा पूर्ण पिऊ नये. तो वाटीत उरला तरी कोणी वाईट वाटून घेत नाही.

आता आपल्या पत्नींविषयी. इथे सर्व काही एका निर्णयावर अवलंबून आहे आणि तो निर्णय मी किंवा आपण घेऊ शकत नाही, त्यांनीच घ्यायला हवा: माशाचा तुकडा नसलेले, पण माशाच्या पाण्यात शिजलेले अन्न त्यांना चालणार आहे का?

हे मी इतक्या स्पष्टपणे विचारते याला कारण आहे. माझ्या दुसऱ्याच गटात सत्तरीच्या एक काकू होत्या. तीन दिवस त्या मिसो सूप आवडीने पीत होत्या आणि मीही त्यात फक्त टोफू आणि समुद्री पालाच आहे असे गृहीत धरून गप्प राहिले, कारण दाशीचा विषय मला आधी काढायचे सुचलेच नव्हते. चौथ्या दिवशी बाजारात कात्सुओबुशी किसताना पाहून त्यांनी विचारले की हे कशात घालतात. मी खरे सांगितले. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत आणि उरलेल्या प्रवासात त्यांनी केळी, ब्रेड आणि घरून आणलेला चिवडा एवढ्यावरच दिवस काढले. त्यांनी मला एकही कठोर शब्द ऐकवला नाही, पण चूक माझी होती आणि ती भरून देता येण्यासारखी नव्हती. तेव्हापासून गटाच्या पहिल्या बैठकीत, पैसे घेण्याच्याही आधी, मी हा विषय काढते.

दाशी चालणार असेल, तर वाट बरीच मोकळी आहे. सोबा, उदोन, शिजवलेल्या भाज्या, टोफूचे प्रकार, अंड्याची गुंडाळी, असे पुष्कळ काही मिळेल. फक्त वरून भुरभुरलेले माशाचे काप टाळावे लागतील. दाशी चालणार नसेल, तर साध्या खानावळीत ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून उपयोग होत नाही. ऐकणारा प्रामाणिकपणे मांसाचे तुकडे काढून ताट देतो आणि रस्सा तोच असतो. त्याने फसवलेले नसते. त्याच्या दृष्टीने दाशी हा पदार्थ नसून पाणी आहे. शिवाय ते सकाळीच मोठ्या भांड्यात तयार होते, त्यामुळे एका ताटासाठी ते वगळणे त्याला खरोखर शक्य नसते. ‘जमणार नाही’ असे उत्तर आले तर ते उद्धटपणाचे समजू नये. जमते असे म्हणून चुकीचे वाढण्यापेक्षा ते नाही म्हणणे पसंत करतात.

अशा वेळी जपानी भाषेत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी आणि तिच्यात काय चालत नाही याबरोबर काय चालते हेही लिहावे. मी लिहून देते तो मजकूर असा असतो: मांस, मासे, कोळंबी-खेकडा-शिंपले आणि यांचे सत्त्व किंवा कात्सुओ-दाशी चालत नाही, कोम्बूचे आणि शिइताकेचे दाशी, टोफू, अंडे, दूध, सर्व भाज्या चालतात. नुसती नकारांची यादी पाहून स्वयंपाकी गोंधळतो. होकाराची यादी दिली की त्याला काहीतरी सुचते. ओसाकात एका उदोनवाल्याने अशी चिठ्ठी वाचून पाच मिनिटांत नुसत्या कोम्बूचे पाणी तापवून दिले होते. तोंडी विचारायचे असेल तर ‘कात्सुओ दाशी वा त्सुकात्ते इमासु का?’ हे वाक्य पाठ करावे. ‘यात कात्सुओ दाशी वापरले आहे का?’ असा त्याचा अर्थ.

काही ठिकाणी फसगत ठरलेली असते. तेंपुरा भाज्यांचा असला तरी सोबतच्या द्रवात दाशी असते, म्हणून मीठ मागावे. आणि त्याच तेलात कोळंबीही तळलेली असते, ते चालेल का हे आधी ठरवावे. (पीठ लावून तळण्याची ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली असे मानतात. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरले ते गोव्यातून निघूनच.) जपानी करी पाहून आपल्याला घरचे काही सापडल्यासारखे वाटते, पण तिच्या तयार वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. टोकियोच्या शिंजुकू भागातील नाकामुराया या दुकानात 1927 मध्ये रासबिहारी बोस यांच्यामुळे भारतीय पद्धतीची करी सुरू झाली. तो इतिहास पाहायला आपण एकटे जाऊ शकता, कारण तिथली प्रसिद्ध करी कोंबडीची आहे. इनारी-सुशीची टोफूची पिशवी बहुधा दाशीत शिजवलेली असते. कप्पा-माकी, म्हणजे काकडी घातलेली भाताची गुंडाळी, सुरक्षित आहे. टोकियो स्टेशनातील टीज् तानतान येथे पूर्ण वनस्पतिजन्य रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, मिळते आणि थकलेल्या दिवशी ते मोठा आधार ठरते.

मात्र आपल्या पत्नींना तडजोडीचे ताट नको असून जपानी जेवणाची खरी ओळख हवी असेल, तर माझे मत ठाम आहे: बारा दिवसांतील एक रात्र कोयासानला द्यावी. ओसाकातील नाम्बा स्थानकातून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जावे आणि तिथून केबल कारने वर चढावे. सुमारे 800 मीटर उंचीवरच्या या पठारावर कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, यांनी 816 मध्ये मठाची स्थापना केली. आज तिथली पन्नासएक मंदिरे प्रवाशांना रात्रीच्या मुक्कामासाठी ठेवून घेतात आणि ‘शोजिन ऱ्योरी’ हे मठातील जेवण वाढतात. या स्वयंपाकात मांस-मासे नाहीत, कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या वनस्पतीही नाहीत आणि दाशी कोम्बू-शिइताकेचे असते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जैन प्रवाशांनी मात्र ध्यानात घ्यावे की मुळा, गाजर, बर्डॉकचे मूळ अशी कंदमुळे इथे भरपूर असतात.

संध्याकाळी साडेपाच-सहालाच लाखकाम केलेल्या बुटक्या चौरंगांवर जेवण येते. गोमा-दोफू नावाने टोफू असला तरी त्यात सोयाबीन नसते. पांढऱ्या तिळाचे दूध कुडझूच्या कंदातून काढलेल्या पिठात घोटून घोटून तो थिजवतात आणि तो जिभेवर नुसता विरघळतो. कोया-दोफू म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू. डोंगरावरच्या कडाक्याच्या थंडीतून ही युक्ती निघाली. स्पंजसारखा तो दाशी शोषून घेतो आणि चावला की तोंडात रस सुटतो. ज्या माणसाला दाशी म्हणजे काय हे शब्दांत कळले नाही, त्याला ते या एका तुकड्यात कळते. झेन पंथाचे आचार्य दोगेन यांनी 1237 मध्ये मठातील स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि स्वयंपाक हीच साधना मानली. कोयासान वेगळ्या, शिंगोन पंथाचे असले, तरी तो भाव इथल्या ताटातही दिसतो; भाजीची साल आणि देठ इथे वाया जात नाहीत. सकाळी साडेसहाच्या सुमारास होणाऱ्या प्रार्थनेला जरूर बसावे. आणि मराठी माणसाने तिथे आणखी एक ठिकाण पाहावे: कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्याचे अनावरण 2015 मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले.

दर मंदिरागणिक बरेच बदलतात, दोन जेवणांसह प्रत्येकी 12,000 येनपासून पुढे धरावेत. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात तिथे पाने रंगतात, त्यामुळे आरक्षण काही महिने आधी करावे आणि दाशीविषयी त्याच पत्रात विचारून घ्यावे. मुक्काम जमलाच नाही, तर क्योटोत अराशियामा येथील तेनऱ्यूजी मंदिराच्या आवारातील शिगेत्सु येथे दुपारचे शोजिन जेवण मिळते. पण डोंगरावरील संध्याकाळची सर त्याला येत नाही.

आपली मासे खाण्याची हौसही उपेक्षित राहू नये. ऑक्टोबरअखेर सानमा हा चांदीच्या पात्यासारखा मासा मीठ लावून भाजलेला मिळतो, सोबत किसलेला मुळा आणि आंबट फळाची फोड असते. ताज्या बांगड्यावर ज्याचे प्रेम आहे, त्याने सुशीच्या आधी हा खावा. गेल्या काही वर्षांत पकड घटल्याने तो पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. सुशी दुपारी आणि काउंटरवर बसून खावी. सोया सॉस माशाच्या बाजूला लावावा, भाताच्या नव्हे, एवढे पुरे. टोकियोचा घाऊक मासळीबाजार 2018 मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला गेला, पण त्सुकिजीची बाहेरची दुकाने अजून तिथेच आहेत.

याच दिवसांत ‘शिन्माई’, म्हणजे नवा तांदूळ, बाजारात येतो. खानावळीच्या दारावर तशी पाटी दिसली तर आत जावे. नव्या तांदळाचा ओलसर गोडवा कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला कोणी समजावून द्यायला नको. नव्या बकव्हीटचा सोबा, चेस्टनट घातलेला भात आणि पर्सिमनची फळे हीसुद्धा याच हंगामाची.

ठेपल्यांविषयी: जरूर न्यावेत, पण न्याहारीपुरते आणि हॉटेलच्या खोलीतच खाण्यासाठी. खानावळीच्या टेबलावर बाहेरचे अन्न उघडणे तिथे अयोग्य मानतात. ताजी फळे, भाज्या आणि कोणताही मांसाचा पदार्थ मात्र सामानात ठेवू नये; विमानतळावर अडवले जाईल.

आपल्या पत्नींनी दाशीविषयी काय ठरवले ते कळवावे. कोम्बूचा तो घरचा प्रयोग दोघांनी मिळून केल्यावरच त्यांनी ठरवावे, अशी माझी विनंती आहे. दाशी नकोच असे ठरले, तर कोयासानची तारीख सर्वांत आधी पक्की करावी आणि टोकियो-क्योटोचे दिवस तिच्याभोवती बसवावेत. त्यांच्यासाठीची जपानी चिठ्ठी मी लिहून देईन.